मंडळीने बांधलेले पाणी

पृथ्वीवर स्थानिक मंडळीपेक्षा वरचे न्यायालय नाही. राजा नाही, प्रांताचे कार्यालय नाही, शहरातले मोठे साहेब नाहीत. चार विश्वासणारे प्रभूच्या नावाने एका छपराखाली जमले की ते जे बांधतील ते स्वर्गात बांधले जाते आणि जे मोकळे करतील ते स्वर्गातही मोकळे होते. नवे पाळकसाहेब हे बोलत होते तेव्हा त्या न्यायालयात घामाच्या धारा लागल्या होत्या, उन्हाने छपराचे पत्रे कडकड वाजत होते आणि पुढच्या बाकावरचा एक वडील तोंड उघडे टाकून झोपला होता.

वडील म्हणजे कोणाचा बाप नव्हे. कारभार पाहणाऱ्या जाणत्या पुरुषांना वडील म्हणायचे, असे पाळकसाहेबांनी आल्या आल्या ठरवून दिले होते. आधीचे पाळक त्यांना पंच म्हणत आणि सगळ्याच प्रकाराला मिळून चर्च म्हणत. नव्यांनी शब्द धुऊन घेतले. चर्च म्हणजे भिंती नव्हेत, चर्च म्हणजे माणसे, म्हणून इथून पुढे मंडळी म्हणायचे. लोकांनी माना डोलावल्या आणि बाहेर पडताच पुन्हा चर्च म्हणू लागले. वडिलांमधल्या सर्वांत धाकट्याचे अजून लग्न व्हायचे होते. त्याला वडील अशी हाक मारली की त्याचे खरे वडीलच ओ देत.

झोपलेला वडील हा वीटभट्टीवाला. त्याला झोपायचा हक्क होता, कारण तो ज्या भिंतीला टेकला होता ती त्याच्याच विटांची होती. उरलेल्या तीन भिंतीही.

पाळकसाहेब वयाने कोवळे, मनगटाने बारीक, पण गळ्याने दणदणीत होते. मंडळीचा अधिकार या एका विषयावर त्यांनी लागोपाठ तीन रविवार घेतले होते. भावाने अपराध केला तर पहिली पायरी, एकट्याने जाऊन त्याला सांगा. ऐकले नाही तर दुसरी, दोघांना साक्षीला न्या. तरी ऐकले नाही तर तिसरी, आणि या तिसऱ्या पायरीशी आल्यावर ते चवड्यांवर उभे राहत. त्यांच्या मनाला एकच टोचणी होती. अधिकार होता, खटला नव्हता. लोक भांडत, पण भांडून मोकळे होत. पायऱ्या चढण्याइतका दम कोणी धरत नव्हते.

त्या रविवारी शेवटच्या बाकावर खिडकीपाशी सावकाश बसला होता. हे त्याचे टोपणनाव. नांगर धरला तरी बैल मागे वळून पाहत, असा तो होता. प्रवचनातल्या पहिल्या दोन पायऱ्या त्याने ऐकल्या. तिसरी चालू असताना त्याचे डोळे खिडकीतून पाटाकडे गेले. पाटात नुसता ओलावा होता. बुधवारपासून त्याची पाळी होती, म्हणून मन तिकडेच धावले आणि तिसरी पायरी राहून गेली.

त्याचा कोबी ऐन गड्डे धरायच्या बेतात होता. पाने आत वळू लागली होती, मुठी मिटत आल्यासारखी. या दिवसांत कोबीला पोटभर पाणी मिळाले तर मूठ घट्ट होते. न मिळाले तर पुन्हा उघडते, मधून दांडा वर येतो, आणि मग ते गुरांनी खायचे पीक होते. हंगामभराची मेहनत त्या मुठीत होती. कालव्यातून पाट निघे, तो आधी वीटभट्टीच्या अंगाने जाई आणि मग सावकाशच्या वाफ्यांत उतरे. दर आठवड्याला बुधवारी उजाडल्यापासून शुक्रवारी उजाडेपर्यंत पाणी सावकाशचे, ही रीत दोघांच्या बापांनी घालून दिलेली.

बुधवारी उजाडले. सावकाश फावडे घेऊन वाफ्याच्या तोंडाशी उभा राहिला. पाटातून एक बेडूक आला, त्याच्या मागे काही आले नाही. पाटाच्या कडेकडेने तो वर चालत गेला तेव्हा त्याला दिसले की भट्टीच्या खड्ड्याची फळी उचललेली आहे आणि सगळे पाणी आत वळते आहे. खड्ड्यात दोन गडी मांडीपर्यंत चिखल तुडवत होते. कच्च्या विटांच्या रांगा लांबवर वाळत पडल्या होत्या. भट्टीवाला यंदा दुप्पट विटा पाडत होता.

घरी येऊन सावकाशने बायकोला सांगितले की पाट आटलाय. हे खोटे त्याने भीतीपोटी सांगितले. बायकोचे तंत्र निराळे होते. मागे न्हाव्याने सावकाशची हजामत अर्धी टाकून दुसरे गिऱ्हाईक घेतले, तेव्हा तिने दुकानातली खुर्ची दुसऱ्या गिऱ्हाइकासकट रस्त्यावर आणून ठेवली होती. तिला पाण्याचे कळले तर काय रस्त्यावर येईल याचा नेम नव्हता. तेव्हा पाट आटलाय. तिने खांद्यावर दांडा घेतला, दोन टोकांना दोन डबे अडकवले आणि गावविहिरीकडे निघाली. दिवसभर दोघे पाणी वाहत होते. एका झाडाला एक तांब्या. मातीला तो तांब्या ठाऊकही झाला नाही. दुपारी वारा सुटला, भट्टीवरची लाल धूळ उडून कोबीच्या पानांवर बसली आणि बायकोच्या खांद्यावर दांड्याचा वळ उठला.

संध्याकाळी सावकाशने पहिली पायरी चढायचे ठरवले आणि गुरुवारी सकाळी चढला. भट्टीवाला गाडीत विटा भरून घेत होता. सावकाशला पाहून त्याला फार आनंद झाला. या, या, बरे आलात, एक गडी कमी आहे, तेवढ्या त्या थरातल्या हातोहात द्या, मग निवांत बोलू. सावकाश विटा देऊ लागला. नव्या विटांच्या कडा धारदार होत्या, बोटांची साले निघाली. गाडी भरली, दुसरी आली, तीही भरली. ऊन डोक्यावर आल्यावर भट्टीवाल्याने तोंड धुतले, तेही पाटाच्या पाण्याने, आणि काय काम होते ते विचारले. सावकाशने सांगितले. भट्टीवाल्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"सावकाशराव, पाणी देवाचं आहे," तो म्हणाला. "तुझं माझं असं नसतं. आपण विश्वासणारी माणसं."

"पण पाळी माझी होती."

"पाळी तुमचीच आहे. कोण नाही म्हणतं?"

सावकाश परत निघाला. घरी पोचल्यावर बायकोने हाताला काय झाले ते विचारले. तो म्हणाला, फावड्याचा दांडा खरखरीत झालाय.

शुक्रवारी दुसरी पायरी. साक्षीला कोण न्यायचे हा प्रश्न होता. न्हावी म्हणाला, मी येतो, पण वहिनींना माझं नाव सांगू नका. सायकल दुरुस्तीवाला म्हणाला, मीही येतो, आज नाहीतरी पंक्चर कोणाचं नाही. तिघे गेले. पाळकसाहेबांच्या प्रवचनानंतर गावात पायऱ्यांची फार चर्चा होती, त्यामुळे हे तिघे ओळीने भट्टीकडे निघालेले पाहून चहाच्या टपरीवरची माणसे उठून उभी राहिली. कोणीतरी ओरडून विचारले, कितवी? सायकलवाल्याने दोन बोटे दाखवली.

भट्टीवाल्याने तिघांना खाटेवर बसवले. न्हाव्याच्या दुकानापुढे चिखल होतो हे त्याच्या लक्षात होते, तिथे टाकायला तुकडाविटा लागतील का असे त्याने आपणहून विचारले. सायकलवाल्याची चूल किती वर्षांची आहे तेही विचारले. मग पाण्याचा विषय निघाला. न्हावी पाटाकडे पाहून म्हणाला की यंदा पाणी मुळातच कमी दिसतंय. सायकलवाल्याने पाटात काडी बुडवली आणि तोही म्हणाला, कमी आहे खरं. साक्षीदारांनी साक्ष दिली होती, फक्त दुसऱ्या बाजूने. येताना सावकाश रिकाम्या हाताने आला, बाकी दोघे विटांनी भरलेली हातगाडी ढकलत आले. तेवढे मात्र खरे की ती ढकलताना दोघांपैकी कोणी मान वर केली नाही.

पुढचे चार-पाच दिवस नवरा-बायको डबे वाहत राहिले. वळावर वळ उठले. वरच्या वाफ्यांतली पाने दुपारी मान टाकत आणि रात्रीच्या गारव्याने कशीबशी उचलत. मंगळवारी दुपारी सावकाश पाळकसाहेबांच्या घरी गेला.

पाळकसाहेब जेवायला बसले होते. दोन पायऱ्या झाल्या हे ऐकताच ते उष्ट्या हाताने उभे राहिले. त्यांनी त्याला सगळे पुन्हा सांगायला लावले, मध्ये दोनदा थांबवून पाळकबाईंनाही बाहेर बोलावले. आजवर जे पुस्तकात होते ते आता पायात चपला घालून दारात उभे होते.

"आता तिसरी पायरी," ते म्हणाले. "आता मंडळीला सांगा."

सावकाशचा चेहरा उतरला. त्याच्या घराण्यात बायकोला चारचौघांत बायको म्हणायची पद्धत नव्हती आणि नाव घ्यायची तर नव्हतीच. आजा आजीला मंडळी म्हणे, बाप आईला मंडळी म्हणे, सावकाशही कोणी घरचे विचारले की आमची मंडळी शेतात गेलीय असे सांगे. मंडळीला सांगणे हा त्याने एवढे दिवस टाळलेला प्रसंग होता.

"मंडळीला सांगायलाच पाहिजे का?" त्याने विचारले.

"दुसरा मार्गच नाही. प्रभूची आज्ञा आहे."

"प्रभू असं स्पष्ट बोललाय?"

"स्पष्ट."

"पण ती फार कडक आहे, साहेब."

"असायलाच हवी," पाळकसाहेब म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "मंडळी मऊ झाली म्हणूनच आज ही अवस्था आहे. तिला भिऊ नका. तिच्यापुढे जा, सगळं मोकळेपणानं सांगा, काही लपवू नका. ती जे बांधेल ते बांधलं, ती जे मोकळं करेल ते मोकळं. तिच्यावर पृथ्वीवर कोणी नाही."

"ते आहेच," सावकाश म्हणाला.

"आणि तिचंही त्यानं ऐकलं नाही, तर त्याला परका समजायचं."

सावकाशने विचारले की भट्टीवाला वडील आहे, त्यालाही हे लागू का. पाळकसाहेब म्हणाले, मंडळीपुढे वडील काय आणि पाळक काय, मीही तिच्या शब्दाबाहेर नाही. सावकाश थक्क झाला. हा अधिकार त्याच्या घरात आहे हे त्याला ठाऊक होते, पण तो सर्वांवर आहे आणि शास्त्रात आहे हे नवीन होते. रविवारी उपासना झाली की बोलू, असे पाळकसाहेब म्हणाले, पण तोवर सावकाश अंगणाबाहेर होता. रविवारपर्यंत थांबायला कोबी तयार नव्हता, आणि मंडळी तर घरीच होती. आयुष्यात पहिल्यांदा तो भराभर चालला. टपरीवरून कोणीतरी कितवी म्हणून ओरडले. त्याने तीन बोटे दाखवली आणि टपरी रिकामी झाली.

बायको वाफ्यात खुरपत होती. त्याने उभ्याउभ्या सगळे सांगितले. फळी, विटा, सोललेली बोटे, तुकडाविटा, आणि पाट आटलाय म्हणालो ते खोटं होतं हेही. ती ऐकत राहिली. खुरपे चालू होते, मग थांबले.

"हे आजच कसं सुचलं सांगायला?"

"पाळकसाहेबांनी सांगितलं. तिसरी पायरी आहे. मंडळीला सांगायचं. मंडळी बांधेल ते बांधलं, मोकळं करेल ते मोकळं. स्वर्गातसुद्धा."

"मी?"

"वर कोणी नाही म्हणाले. ते स्वतःही नाहीत."

तिने खुरप्याची माती पुसली. एवढ्या वर्षांत चर्चमध्ये आपल्याविषयी एवढे बरे काही बोलले गेल्याचे तिला आठवत नव्हते. इतके दिवस या पाळकाला मी उगाच पोरगेलासा समजत होते, असे ती म्हणाली आणि फावड्याचा दांडा कुठे खरखरीत आहे ते हात फिरवून पाहिले. कुठेच नव्हता.

बुधवारी तांबडे फुटता फुटता ती फावडे घेऊन भट्टीच्या खड्ड्यावर हजर होती. फळी खाली दाबली, वर दोन दगड ठेवले, आणि भट्टीवाल्याच्याच चिखलाने फटी लिंपल्या. त्याने तुडवून ठेवलेला गारा फार छान होता, कुठून थेंब सुटेना. पाणी क्षणभर थबकले, फुगले, आणि पाटाने खाली धावले. खाली सावकाश दारे धरायला उभा होता. पाण्याचा पहिला लोंढा काड्याकुड्या, फेस आणि मुंग्या घेऊन आला. कोरड्या मातीने इतका मोठा सुस्कारा टाकला की बांधावरच्या लोकांना ऐकू गेला. कारण बांधावर लोक होते. तीन बोटांची बातमी घरोघर गेली होती. न्हावी होता, सायकलवाला होता, चहावाला टपरी उघडी टाकून आला होता, बायका पोरे कडेवर घेऊन आल्या होत्या.

भट्टीवाला दात घासत आला आणि त्याने खड्ड्याकडे पाहिले.

"कोणाच्या हुकमानं बांधलं हे?"

"मंडळीच्या," ती म्हणाली.

"काय?"

"मंडळीनं बांधलं म्हणजे बांधलं. शास्त्रात आहे. खोटं वाटत असेल तर पाळकसाहेबांना विचारा. ऐकणार नसाल तर तुम्ही परके."

भट्टीवाल्याने बांधावर नजर फिरवली. न्हाव्याने मान खाली घातली, सायकलवाल्याने आभाळाकडे पाहिले. भट्टीवाल्याला वाटले, झाले, आपल्या पाठीमागे मंडळी बसली आणि निकालही देऊन उठली. त्याच्या हातातली दातवणाची काडी गळून पडली. आयुष्यभर ज्या भिंतीला टेकून तो झोपला होता ती मागून कोणी काढून घेतल्यासारखा तो उभा राहिला, आणि घरात गेला.

पाणी दिवसभर चालले. वाफा भरला की सावकाश बांध फोडून दुसऱ्याला दार देई, बायको पुढचे तोंड मोकळे करी. गुडघ्यापर्यंत चिखल, पाठीवर ऊन, आणि दोघेही हसत होते. बांधावरचे लोक जेवायलाही गेले नाहीत. वाफा भरला की ओरडत, जणू शर्यत चालली आहे. अंधार पडेपर्यंत वरचे सगळे वाफे भिजले. खालचे उद्या.

त्याच संध्याकाळी भट्टीवाला पाळकसाहेबांकडे गेला होता. आवाज न चढवता त्याने विचारले, मंडळी कधी बसली? पाळकसाहेब म्हणाले, बसलीच नाही अजून, रविवारी बसेल. मग हुकूम कोणी दिला? सावकाशला बोलावणे गेले. तो चिखलाच्या पायांनी आला आणि म्हणाला, साहेब, तुम्हीच सांगितलंत मंडळीला सांगा, मी घरी जाऊन सांगितलं. आतल्या खोलीत पाळकबाईंच्या हातातून पातेले पडले आणि बराच वेळ गरगरत राहिले. पातेले थांबल्यावरही आतून हसू येत होते.

भट्टीवाला हसला नाही. गुरुवारी सकाळी त्याने फळी उपटली, खड्ड्याच्या तोंडाशी विटांनी भरलेली गाडी आडवी लावली आणि वर दोन गडी बसवले. एका बाईला मंडळी समजण्याइतका मी खुळा नाही, असे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. आदल्या दिवशी समजला होता हे मात्र सांगत नव्हता. खालच्या वाफ्यांत पाणी पोचलेच नाही. बायको गाडीपर्यंत गेली, गाडीकडे पाहिले, फावड्याकडे पाहिले. सावकाशने तिचा हात धरला. चारचौघांत त्याने तिचा हात धरला याचीच बांधावर अधिक चर्चा झाली. रविवारी मंडळी, म्हणजे ती दुसरी मंडळी, बसणार आहे, तोवर कळ काढ, असे तो म्हणाला. खालचा कोबी तोवर कळ काढेल का, हे त्याने विचारले नाही. तिने पुन्हा डबे उचलले.

रविवारी चर्च फुटायची वेळ आली. दर रविवारी येणारे, वर्षातून एकदा येणारे, कधीच न येणारे, सगळे आले. खिडक्यांत माणसे होती. पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे, आणि मधल्या वाटेत पोरे. धाकट्या वडिलाने घंटा इतकी बडवली की दोर त्याच्या हातात आला. उपासना पाळकसाहेबांनी झटपट उरकली. गीताचे शेवटचे कडवे गाळले तेव्हा कोणी हरकत घेतली नाही.

भट्टीवाल्याने बाजू मांडली. नीट मांडली. एक बाई म्हणजे मंडळी नव्हे, हे तर पाळकसाहेबही मान्य करतील. पाळकसाहेबांनी मान्य केले. मग तिने बांधलेले पाणी हे मंडळीने बांधलेले नाही, तर नुसते चिखलाने बांधलेले आहे. लोकांत चुळबुळ झाली. मुद्दा बिनतोड होता.

तेव्हा न्हावी उठला. दुकानापुढच्या तुकडाविटा आठवडाभर त्याला टोचत होत्या. एका माणसाची मंडळी होत नसेल तर कितीची होते, असे त्याने विचारले. पाळकसाहेब म्हणाले, दोघे किंवा तिघे प्रभूच्या नावाने जमले तरी पुरे. न्हावी म्हणाला, मग बुधवारी खड्ड्यावर वहिनी होत्या, मी होतो, आणि हा सायकलवाला होता. तिघे झालो.

धाकटा वडील कायद्याचा काटेकोर होता. नुसते जमून भागत नाही, तो म्हणाला, प्रभूचे नाव कोणी घेतले होते का?

सायकलवाला हळूच उभा राहिला. "मी घेतलं होतं," तो म्हणाला. "वहिनींनी फावडं उचललं तेव्हा मी म्हणालो, प्रभू, सांभाळ."

चर्चमध्ये असा गदारोळ उठला की पत्र्यावरची कबुतरे उडाली. पाळकसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आले. एवढी वर्षे शिकले, पण मंडळी कशी जन्माला येते हे त्यांनी आजच पाहिले होते. भट्टीवाला म्हणाला, मी प्रांताच्या कार्यालयात जाईन. पाळकसाहेब म्हणाले, कार्यालयाला इथे अधिकार नाही, इथून वर थेट स्वर्ग. भट्टीवाल्याचे तोंड लालबुंद झाले. त्याने मागची भिंत तळहाताने थोपटली.

"मग माझ्या विटा मी काढून नेतो."

सगळे भिंतींकडे पाहू लागले. भिंती प्रत्येकाला पटत होत्या. तेवढ्यात उजवीकडून सावकाशची बायको बोलली. उठली नाही, बसूनच बोलली.

"न्या की. चर्च म्हणजे भिंती नव्हेत, हे पाळकसाहेबांनी केव्हाच सांगितलंय. आम्ही झाडाखाली बसू. तिथं उकडणार तरी नाही."

आधी बायका हसल्या, मग सगळेच. पाळकसाहेबांनी हसू आवरत विचारले की सावकाशचे बुडालेले पाणी त्याला आजच्या आज मिळावे, खालचे वाफे भिजेपर्यंत फळी बंद राहावी, आणि हे वडिलांनी मानले नाही तर त्यांना परके समजावे, हे ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करावेत. बायकांना वाटले पुरुषांना सांगताहेत. पाळकसाहेब म्हणाले, मंडळी म्हणजे सगळे. हात वर झाले. एकेक करत, मग रान उठावे तसे. कष्टाचे, भेगाळलेले, चुन्याने, तेलाने, चिखलाने रंगलेले हात. भट्टीवाला मोजल्यासारखे पाहत होता. त्याची नजर बायकांच्या बाजूला दुसऱ्या रांगेवर गेली आणि तिथेच अडकली. तिथे त्याची स्वतःची बायको बसली होती. तिचाही हात वर होता, आणि ती त्याच्याकडेच पाहत होती.

"तूसुद्धा?" तो म्हणाला.

"घरी सांगून थकले," ती म्हणाली. "म्हटलं, इथं सांगावं."

भट्टीवाल्याने डोक्यावरची टोपी काढली, सावकाशकडे वळला आणि म्हणाला, चुकलो. शब्द बारीक होता, पण खिडकीतल्या माणसांनाही ऐकू आला. नेहमीच्या सवयीने सावकाश म्हणाला, असू द्या, होईल सावकाश. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाळकसाहेबांनी दोघांचे हात एकमेकांत दिले, आणि भट्टीवाल्याच्या हातात सावकाशची खपली धरलेली बोटे आली तेव्हा त्याने ती पाहिली, आणि पकड सैल केली.

मग सगळी मंडळी उठून पाटावर निघाली. पुढे गाणे म्हणत पाळकसाहेब, मागे पोरे, बायका, काठ्या टेकत म्हातारे. भट्टीवाला स्वतः गाडीला खांदा लावायला धावला. न्हावी आणि सायकलवाल्याने दुसरे चाक ढकलले. गाडी हलली. भट्टीवाल्याने फळी आपल्या हाताने खाली दाबली, आपल्या हाताने चिखल लिंपला, आणि कपाळाचा घाम पुसताना कपाळही लिंपले. खाली सावकाश दार देऊन तयार उभा होता. बायको त्याच्या शेजारी पदर खोचून उभी होती. पाळकसाहेबांनी हात उंचावून मंडळीने पृथ्वीवर मोकळे केलेले पाणी स्वर्गातही मोकळे झाले असे जाहीर केले. सगळ्यांनी आमेन म्हटले आणि पाटाकडे पाहिले.

पाटात ओलावा होता. थोड्या वेळाने तोही राहिला नाही.

खालचे वाफे त्या दिवशी भिजले नाहीत, पुढेही नाही. वरच्या वाफ्यांतल्या कोबीने नंतर डोक्याएवढे गड्डे धरले. खालच्याला दांडे फुटले आणि तो गुरांनी खाल्ला, त्यात भट्टीवाल्याचे बैलही होते. पण हे नंतरचे. त्या वेळी सगळे नुसते उभे होते. शेवटी धाकट्या वडिलाला सायकलवर बसवून कालव्याच्या मुख्य दाराकडे पिटाळले. तो धापा टाकत परत आला. गाळ काढायचा म्हणून कालव्याच्या चौकीदाराने शनिवारी रात्रीच दार बंद केले होते. आता महिनाभर उघडणार नव्हते.

मंडळीने ठरवलेय हे त्याला सांगितलेस का, असे पाळकसाहेबांनी विचारले. धाकटा वडील म्हणाला, सांगितले. दोनदा सांगितले. पण चौकीदार आपल्या मंडळीत नव्हता.